बोलका पत्रा

खारदांड्याचे एक काका होड्या दुरुस्त करायचे. अंधेरीला आमच्या इमारतीत तळमजल्यावर लेकीकडे दर रविवारी यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. आले की आधी माझ्या जुन्या गाडीभोवती फेरी मारायचे, बोटानं टकटक करून पत्र्याला कान लावायचे.

एका मे महिन्यात मी गाडीच्या दरवाजाच्या गंजावर पुट्टी भरली, वर रंग मारला. झकास जमलं होतं. काकांनी टकटक केली, तर टणटण न होता नुसतं भद्द वाजलं. "इथं पत्रा बोलत नाय रे," म्हणाले आणि माझाच स्क्रूड्रायव्हर आत खुपसला. मूठ जाईल एवढं भोक!

"काका, वाट लावलीत ना गाडीची!" मी भडकलो.

"सडलेलं झाकून काय होतंय? पाण्याला फसवता येत नाय."

पुढच्या रविवारी ते पत्र्याचा तुकडा आणि डबाभर माशाचं तेल घेऊन आले. चांगला पत्रा लागेपर्यंत आम्ही गंज खरवडला, ठिगळ बसवलं, पुन्हा गंज धरू नये म्हणून आतून तेल चोपडलं. महिनाभर सोसायटीतली मांजरं गाडीखालून हलेनात.

पावसाळा सरल्यावर काका आले. ठिगळावर टकटक केली, पण कान लावला नाही. माझी मान धरून माझंच डोकं दरवाजाला टेकवलं.

"आता तू ऐक."