हळदीच्या दिवशीची मॅच

आमच्या फुटबॉल लीगची शेवटची मॅच आणि आमच्या गोलकीपरच्या भावाची हळद एकाच रविवारी आली. मला ते त्याच आठवड्यात कळलं, कल्याणच्या मैदानावर सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना.

"ताई, रविवारी मी नाही येऊ शकत," ती हळूच म्हणाली. "एकुलता एक भाऊ आहे. करवली मीच."

आमचा संघ म्हणजे पोटापाण्यासाठी दुसरंच काही करणाऱ्या मुली आणि बायका. मॅचमागे मानधन मिळायचं, पण त्यावर कुणाचं घर चालत नव्हतं. मी डोंबिवलीतल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. संघात वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून कॅप्टन. बचावात मधोमध खेळते. माझ्या मागे गोलमध्ये ही, आंबिवलीजवळच्या गावातल्या आगरी घरातली कॉलेजची पोर. मागे ती आहे म्हटल्यावर मी बिनधास्त पुढे घुसायचे. आमच्या दुसऱ्या कीपरचं बोट आदल्याच आठवड्यात सरावात मोडलेलं. आणि समोरचा ठाण्याचा संघ अख्ख्या सीझनमध्ये एकदाही हरला नव्हता. कप न्यायला त्यांना बरोबरीही चालणार होती. आम्हाला जिंकायलाच हवं होतं.

"तूच जा तिच्या घरी," आमच्या कोच मला म्हणाल्या. "मी गेले तर क्लबचा हुकूम वाटेल."

लॅब सुटल्यावर गेले. त्यांच्या भातशेतीच्या जागी आता उंच इमारती होत्या, आणि घराचा तीन मजली बंगला झालेला. अंगणात मांडव चढत होता. तिचे वडील खुर्ची टाकून मांडववाल्यांवर लक्ष ठेवून बसलेले. शेजारी तिची आत्या, गावातल्या लग्नांत धवले गाणारी, खणखणीत आवाजाची.

मी सरळ सांगून टाकलं, "काका, रविवारी ती नसेल तर आम्ही हरल्यातच जमा आहोत."

आत्याच आधी उसळली. "हलदीचे दिवशी करवलीनं मातीन लोलायचा? मानसा काय बोलतील?"

काका दारात उभ्या असलेल्या पोरीकडे बघत होते. ती मान खाली घालून उभी.

"मॅच कवा हाय?"

"दुपारी तीनला. ठाण्यात, कोपरीच्या बाजूला."

"आनी हलद रातची. मंग अरचन काय हाय?" ते बहिणीकडे वळले. "ती खेलाला जाईल. आनी एकटी नाय जायाची. आपुन सगली जाऊ."

पोरगी आत पळाली. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मी चहा न घेताच निघाले. काका विचार बदलतील अशी धाकधूक होती.

रविवारी ती आली ती कोपरापर्यंत मेंदी घेऊन. "रंग उतरला तर आत्या मारेल," म्हणत तिनं ग्लोव्हज चढवले. एरवी आमच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे दोन-चार नवरे आणि मैदानात फेऱ्या मारायला येणारे आजोबा. त्या दिवशी आम्ही वॉर्मअप करत असताना गेटातून दोन टेंपो आत शिरले. पिवळ्या साड्या नेसलेल्या बायका, झब्बे घातलेले काका-मामा, आणि मागच्या टेंपोत हळदीसाठी सांगितलेली अख्खी बेंजो पार्टी! ठाण्याच्या पोरी बघतच राहिल्या. आम्हीही.

पहिल्या हाफमध्ये आमचा जीव काढला त्यांनी. बॉल आमच्याच अर्ध्यात. आमच्या कीपरनं एक फटका बोटांच्या टोकांनी बारवरून काढला, एक छातीवर घेतला. प्रत्येक वेळी बेंजो वाजायचा आणि रेफरी वैतागून तिकडे बघायचा. आत्याला नियम एकही ठाऊक नव्हता, पण शिट्टी आमच्याविरुद्ध गेली की तिचा आवाज या गोलपासून त्या गोलपर्यंत ऐकू यायचा. "ए शिटीवाल्या, डोले हायेत का नाय?"

दुसऱ्या हाफमध्ये बऱ्याच वेळानं आम्हाला कॉर्नर मिळाला. कोचनी मला पुढे जायची खूण केली. बॉल उंच आला, त्यांच्या कीपरच्या हातातून निसटला, दोघीतिघींना लागला आणि माझ्या मांडीवर आपटून आत गेला. देखणा अजिबात नव्हता तो गोल. पण माझा होता! सीझनमधला पहिला. मी धावत कुठे निघालेले मलाच माहीत नाही. पोरींनी मला खाली पाडलं आणि अंगावर ढीग झाला.

मग शेवटची मिनिटं. माझे पाय शिशाचे झालेले. त्यांची स्ट्रायकर, वेगानं माझ्या दुप्पट, मला चकवून निघून गेली. पुढे फक्त आमची पोर. मी मागून धावत होते आणि मला माहीत होतं, मी पोहोचत नाही. पण ती गोलमध्ये थांबलीच नाही. सुसाट पुढे आली आणि त्या स्ट्रायकरच्या पायांतच झोकून दिलं स्वतःला. धूळ उडाली. क्षणभर काही दिसेना. मग ती बॉल पोटाशी कवटाळून उठली.

"ताई, पुढे जा ना! बघत काय बसलीस?" ती माझ्यावरच ओरडली.

शिट्टी झाली तेव्हा आम्ही जिंकलेलो. झब्बेवाले मैदानात घुसले. काकांनी लेकीला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तर दोन मामांनी हात लावला. आत्यानं तिचे ग्लोव्हज स्वतः ओढून काढले, मेंदी तपासली आणि मातीनं माखलेल्या गालांचा मुका घेतला. नवरदेव घरून व्हिडिओ कॉलवर नुसता किंचाळत होता.

आम्हाला कपडे बदलायलाही वेळ दिला नाही. कपासकट सगळ्यांना टेंपोत कोंबलं. गावात पोहोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोहोचलेली. वेशीवरच उतरवलं आणि बेंजो पुढे, मागे आम्ही, जर्सी घातलेल्या, गुडघे सोललेल्या, अशी वरात मांडवाकडे निघाली. गच्च्यांवर माणसं. म्हाताऱ्या बायका दारात येऊन पोरींच्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडत होत्या.

कप माझ्या हातात होता. मांडवाच्या तोंडाशी आमची कीपर अचानक लाजली, माझ्या मागे लपायला लागली. "तू हो ना पुढे. तू कॅप्टन."

"अगं, घर कुणाचं?" मी कप तिच्या हातात दिला आणि तिला पाठीला हात लावून पुढे ढकललं. मांडवात बसलेली माणसं एकेक करून खुर्च्यांवरून उठली, आणि टाळ्या सुरू झाल्या.