दार आधी, घर मागनं

“घर कुठं हाय? आदी मला घर दाव!”

“घर यील की. दार तर आलंय.”

“दार आलंय! आगं, लोकं घर बांधत्यात, मग दार बसवत्यात. तू दार आणून घराची वाट बघत बसणार व्हय?”

“मग काय करू? पैसं साठवून बघितलं की तीनदा. एकदा तुमचं तट्टू मेलं, एकदा तुमच्या भनीचं लगीन निघालं, एकदा तुमीच तापानं पडलासा. पैशाला पाय फुटत्यात. ह्या सागवानाला फुटायचं न्हाईत.”

“आन् हे धूड ठिवायचं कुठं? माझ्या डोस्क्यावर?”

“तुमच्या डोस्क्यावर मुंडासं हाय. भिताडाला लावून ठिवू.”

धाराशिवच्या त्या अरुंद बोळात बैलगाडी अडकून उभी होती. गाडीवर चौकटीसकट एक जुनं दार आडवं पडलेलं. गाडीच्या एका अंगाला बंडप्पा, दुसऱ्या अंगाला त्याची बायको नीलम्मा, आणि दोघांच्या मधे ते दार. घरमालकीण शरिफाबी आपल्या उंबऱ्यात उभी राहून तपकीर ओढत सगळं ऐकत होती. शेवटी तिनंच निकाल दिला.

“अगे, भांडण आत जाऊन करा गे. और दार बी आत घ्या. बैलं कवाधरनं उभी हैत.”

बंडप्पा तट्टावर मिरची-हळद लादून बाजार करायचा. आज बेंबळी, परवा येरमाळा. मिरची कांडायची मात्र नीलम्मानं. तिनं उखळात मुसळ घातलं की लाल खकाणा उठायचा, भिंतीवरून शेजारी जायचा, आणि घरमालकाच्या घरातलं पाळण्यातलं पोर धरून म्हाताऱ्यापर्यंत सगळी खोकत सुटायची. नऊ वर्षांत सात खोल्या झाल्या होत्या. प्रत्येक घरमालकाचा आवाज निराळा, पण वाक्य एकच : “अमुशापत्तोर खोली रिकामी करा.” ते ऐकलं की नीलम्मा गप्प होई. उलट बोलत नसे, रडत नसे. जात्याचा खुंटा उपसून मुठीत धरी आणि चालू लागे. बिऱ्हाड हलवताना खुंटा गाडीत टाकायचा नाही, आपल्या हातानं न्यायचा, असं तिच्या आईनं, अव्वानं सांगितलं होतं. शरिफाबीची ही आठवी खोली. शरिफाबीचं नाक तपकिरीनं असं मुरलेलं की मिरचीनं तिला शिंकसुद्धा येत नसे. त्या एका गोष्टीवर हे बिऱ्हाड टिकून होतं. पण म्हातारीनंतर कोण? तिचा पुतण्या? तो तर बोळाच्या तोंडालाच नाकाला रुमाल लावायचा.

ज्या घरातनं कुणी ‘ऊठ’ म्हणणार नाही असं एक घर. नीलम्माला एवढंच पाहिजे होतं.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षाची. दार आत आलं, मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं. दोन फळ्यांचं, माथ्यावर तळहाताएवढा नंदी कोरलेलं, खाली झिजून मधे खोलगट झालेला उंबरा. फळ्या ढकलल्या तर वीतभर आत जायच्या आणि भिंतीला टेकायच्या.

“कुणाचं हाय?” बंडप्पानं विचारलं. राग उतरला होता. लाकडावरनं हात फिरवत होता.

“तामलवाडीच्या अंगाला एक वाडी ओस पडलीया बघा, मानमोडीच्या तापाच्या सालात. दार इकणाऱ्या धुळाप्पाच्या चुलत्याचं घर हुतं तितं. घरातली समदी पटापटा गेली म्हनं. सून तेवढी मागं ऱ्हायली. भावकी न्यायला आली, तर बया आतनं कडी लावून बसली. म्हनाली, माझं घर हाय, म्या का जाऊ?”

“मग?”

“मग काय. आठ दिसांनी दार चौकटीसकट काढावं लागलं.”

बंडप्पानं हात मागं घेतला. “मेलेल्याच्या घरचं दार आणलंस!”

“मेलेली काय दार मागाय येत्यात व्हय?” नीलम्मा म्हणाली आणि तेलाची वाटी घेऊन फळ्या पुसायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सडा घातला, आणि हात धुऊन त्या उंबऱ्याला हळदीकुंकू लावलं. घराला उंबरा असतो, उंबऱ्याला हळदीकुंकू लागतं. भाड्याच्या खोलीचा उंबरा मालकिणीचा. त्याला ती कधी शिवली नव्हती. हा आपला. मग रोजचंच झालं ते.

शरिफाबीनं एकदा पाहिलं आणि दारातच थबकली. “अगे नीलम्मा, ये क्या गे? ज्याच्यामागं घर नाही, त्याची पूजा करते तू?”

“यील की आपा, घर.”

“येईल तवा कर. आत्ता नक्को. पूजा केली की घर होतं गे ते. मग आत कोण ऱ्हाणार?”

नीलम्मा हसली. आणि चुकली ती इथंच.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. भर दुपार. बंडप्पा बाजाराला, शरिफाबी निजलेली, बोळात कुत्रंसुद्धा नाही. नीलम्मा मिरची कांडत होती. तोंडाला पदर, डोळे अर्धे मिटलेले. मुसळ खाली आलं आणि कुणीतरी खोकलं.

बारीक, दाबलेला, बाईमाणसाचा खोकला. नऊ वर्षं शेजाऱ्यांचे खोकले ऐकून तिचे कान तयार झाले होते, म्हणून सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “झालंच हां, लई न्हाय ऱ्हायलं.”

मग तिचं मुसळ वरच्या वर थांबलं. खोकला भिंतीपलीकडून आला नव्हता. भिंतीपलीकडं कुणाचं घरच नव्हतं, उकिरडा होता. खोकला दारामागून आला होता.

ती उठली. फळ्यांवर दोन्ही हात ठेवून ढकललं. रोज वीतभर सरकणाऱ्या फळ्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी बंडप्पा आला, शेजारचा एक गडी बोलावला, दोघांनी चौकट भिंतीपासून ओढून काढली. मागं काय असणार? पोपडे आणि कोळिष्टकं. आतली कडी मात्र कोयंड्यात पक्की बसलेली.

“ओढताना बसली आसंल,” बंडप्पा म्हणाला. कडी काढली, दार परत जागेवर लावलं.

सकाळी नीलम्मा हळदीकुंकू घेऊन आली. ढकललं. दार आतनं लावलेलं.

“आवं.”

“काय?”

“काय न्हाय. च्या घ्या.”

दार विकून टाकावं, चुलीत घालावं असं तिच्या मनात आलं नाही का? आलं. पण विकलं म्हणजे घर विकलं. मग परत सात खोल्या, परत खुंटा मुठीत. त्यापेक्षा हे खोकणं बरं. तिनं दुसऱ्या दिवसापासून उखळ अंगणात नेलं. आणि मुसळ उचलायच्या आधी आत डोकावून सांगू लागली, “आक्का, घटकाभर तरास हुईल हां. मग न्हाय.” जशी भाडेकरीण सांगते, तसंच.

वर्षं गेली. लढाई लागली, रॉकेल मिळेना, खिळे मिळेनात. नीलम्मानं मात्र कधी एक तुळई आणली, कधी गाडीभर चिरे, कधी कुणाच्या पडक्या गोठ्याचा खांब. शरिफाबीचं अंगण भरत गेलं. दारामागचं घरही भरत गेलं बहुतेक. पहाटे आतून खराट्याचा आवाज येई. कधी उंबऱ्याखालून ओल्या शेणाचा वास. एकदा तर उंबऱ्यावर दोन बोटं उठली होती, हळदीची, आतल्या बाजूनं.

बंडप्पानं यातलं काही ऐकलं असं कधी कबूल केलं नाही. पण त्यानं अंथरूण फिरवून घेतलं. दाराकडं पाय करून तो पुन्हा निजला नाही.

“मिरचीला खोकती म्हणं ती?” एकदा जेवता जेवता त्यानं ताटाकडं बघत विचारलं.

“तुमाला कुणी सांगितलं?”

“मला कोण सांगतंय. आपलं इचारलं.” घास गिळून म्हणाला, “बिब्ब्याएवढी बी वाट न्हाय आत जायाला. खाती काय?”

“म्या कशाला इचारू? भाडं मागाय येत न्हाय, ऊठ म्हनत न्हाय. दोन्ही अंगांनी गप हाय.”

शरिफाबी मात्र गप्प नव्हती. “मी तुझी मालकीण,” ती एकदा म्हणाली, “मी तुला कवा ऊठ म्हणली नाही. अल्लाची मर्जी. पण ध्यानात ठेव गे, तुझं घर झालं की तुला एकदा म्हणावं लागणार.”

“काय म्हनावं लागणार?”

“ते तुला मी का सांगू? सात जागी ऐकलंस तू.”

सत्तेचाळीस सालच्या दिवाळीनंतर गावाची हवा बिघडली. संध्याकाळ झाली की दारं बंद. रझाकार अमक्या गावात आले, तमक्या गावाकडं निघाले, एवढंच कानावर. माणसं बोचकी बांधून बार्शी-सोलापूरकडं निघाली. अण्णाराव म्हणून एक कापडवाले होते. त्यांनी गावाच्या कडेला नव्या घराच्या चार भिंती उभ्या केल्या होत्या. वर माळवद नाही, पुढं चौकट नाही. ते एक दिवस नीलम्माच्या दारात आले, आणि त्यांनी मागितलेली किंमत नीलम्माला परवडली. लोक घरं सोडून चालले होते, आणि नीलम्मा घर घेत होती.

“वेडी हाय तू,” बंडप्पा म्हणाला.

“व्हय. तुळया काढा.”

जाफर गवंड्यानं महिन्याभरात तिच्या तुळया भिंतींवर चढवल्या, वर पांढरी माती घातली, माळवद केलं. शेवटी चौकट बसवली. दिवसभर दार उघडत-मिटत होतं, लोण्यासारखं. नीलम्मा दहा वेळा आत गेली, दहा वेळा बाहेर आली. दोन खण. रिकामे. कोरे. आपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवेश. नीलम्मानं डोक्यावर पाण्याची घागर घेतली, मुठीत खुंटा. बंडप्पानं पाटा-वरवंटा. शरिफाबी मुद्दाम चालत आली होती, काठी टेकत. जाफर भाजी-भाकरीच्या आशेनं आला होता. नीलम्मानं उंबऱ्याला हळदीकुंकू लावलं, फळ्यांना हात लावला.

दार आतनं लावलेलं.

“जाम झालं आसंल,” बंडप्पा म्हणाला. आवाज बारीक झाला होता. खांदा लावला. काही नाही.

जाफर भिंतीवरून माळवदावर चढला. उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून त्यानं आत डोकं घातलं. बराच वेळ घातलेलंच राहिलं.

“कोन हाय रं?” बंडप्पानं खालून विचारलं.

“कोई नै.” जाफरनं डोकं बाहेर काढलं. “झाडून ठेवलंय. चूल मांडलीय. मी नाही मांडली.” आणि तो भाकरीचं विसरून पलीकडच्या बाजूनं उतरला तो गेलाच.

बंडप्पानं कुऱ्हाड उचलली.

“खबरदार!” नीलम्मा म्हणाली. “माझं दार हाय.”

“मग उघड की तुझं दार!”

नीलम्मानं घागर खाली ठेवली. फळीला तोंड लावलं. “आक्का,” ती हळू म्हणाली, “म्या हाय, नीलम्मा. दहा वर्सांची वळख हाय आपली. दोन खण हायत. एकात तुमी ऱ्हावा, एकात आमी. मिरची बाहेर कांडीन. कडी काढा.”

आत कुणीतरी खोकलं. कडी निघाली नाही.

“तुमचं घर गेलं, म्या काय केलं त्यात? दार इकत घेतलंय म्या. तेल पाजलंय. आक्का, ऐका की.”

शरिफाबी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. “असं नाही ऐकणार गे,” ती म्हणाली. “तू तरी ऐकली असतीस? तुला विनवलं असतं कुणी, तर तू गेली असतीस त्या खोलीतनं?”

नीलम्मानं मागं वळून पाहिलं. वाट, गाडी, तट्टू, गाडीवर बांधलेलं सगळं बिऱ्हाड. शरिफाबीच्या खोलीत आज सकाळीच पुतण्यानं आपली खाट टाकली होती. परत जायला जागा नव्हती. तिच्या मुठीतला खुंटा घामानं ओला झाला होता. त्या नऊ वर्षांतले सात घरमालक आठवले, एकेकाचा चेहरा आठवला. त्यांनाही असंच जड गेलं असेल का पहिल्यांदा?

तिनं पदर कमरेला खोचला. ताठ उभी राहिली.

“खोली रिकामी करा.”

बंडप्पानं चमकून तिच्याकडं पाहिलं. हा आवाज त्याच्या बायकोचा नव्हता.

“अमुशापत्तोर न्हाय. आत्ता. घर माझं हाय. उठा.”

आत सामान आवरल्याचे आवाज सुरू झाले. ते आवाज नीलम्माला पाठ होते. आधी गाडगी एकावर एक. मग वाकळीची वळकटी. मग दोरीचा फास. मग अगदी शेवटी, जात्याच्या वरच्या पाळूतनं खुंटा उपसल्याचा तो कोरडा आवाज. कडी निघाली.

फळ्या आपोआप आत गेल्या. बंडप्पानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “कुणी न्हाय की!” त्याला कुणी दिसलं नाही. शरिफाबीला दिसलं की नाही, ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं पदर पुढं ओढला आणि काठी टेकत दोन पावलं बाजूला सरून वाट दिली.

नीलम्माला दिसली. इरकली लुगडं, रंग कुठला ते कळू नये इतकं जुनं. डोक्यावर गाडगी, बगलेत वळकटी. कपाळावर दोन बोटं हळद. उजवी मूठ घट्ट मिटलेली. ती उंबऱ्यापाशी थांबली, वाकली, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, आणि बाहेर आली. नीलम्माच्या इतक्या जवळून, की मिरचीचा नव्हे, ओल्या शेणाचा वास आला.

“आक्का,” नीलम्माचा आवाज परत तिचा झाला होता. “आक्का, कुठं जाशिला?”

ती थांबली नाही. मूठ छातीशी धरून, गाडीला वळसा घालून, वाटेनं सरळ चालत गेली.