मागे बघायची खोड

येरवड्याच्या एका मैदानावर मी रोज सकाळी चालतो. त्याला चालणं म्हणायचं, हे आमच्या घरात कोणालाच मान्य नाही. तिथे एक मुलगी सैन्यभरतीच्या धावण्यासाठी सराव करायची. पाय वाऱ्यासारखे, पण मान सारखी मागे वळायची आणि वेग तिथेच मरायचा. मागच्या भरतीत ती थोडक्यात हुकली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच संधी.

एकदा न राहवून विचारलं, "काय गं, मागे कोण आहे?"

"कुणी नाय, काका. गावाकडं पहाटं रस्त्यावर पळायची, तवा कुत्री लागायची मागं. तीच सवय हाय."

"इथे मागे फक्त मी असतो आणि मी आजवर कोणाला गाठलेलं नाही. हवं तर भुंकतो."

"भुंका की!"

मग तिची मान वळली, की मी भुंकायचो. ती हसू दाबून पुढे बघायची. माझ्या वयाच्या मंडळींनी फिरण्याची वेळ बदलली.

भरतीच्या आदल्या दिवशी सराव संपवून ती तशीच धावत फाटकाकडे निघाली. निरोपाला एकदा तरी वळेल, म्हणून मी हात वर करून उभा राहिलो. शेवटी हळूच भुंकूनही पाहिलं.

नाहीच वळली.