गॅरेजमधली झामाची लढाई

ऑकलंडपासून दीडेक तासावरच्या रोटोटुना या उपनगरातल्या ज्या फार्मसीत मी काम करते, तिथून काही वयस्कर लोकांना आठवड्याच्या गोळ्यांचं पाकीट घरपोच द्यावं लागतं. त्यातलं एक घर माझ्या परतीच्या वाटेवर होतं. तिथे एक निवृत्त शिक्षक एकटेच राहायचे. आयुष्यभर त्यांनी शाळेत लॅटिन आणि प्राचीन इतिहास शिकवला होता. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण मला ते कधी जमलं नाही. मी त्यांना सर म्हणायचे.

एकदा त्यांनी मला गॅरेज दाखवलं. गाडी चालवणं सोडल्यापासून ते रिकामं होतं. तिथे दोन टेबलं जोडून, वर वाळूच्या रंगाचं कापड अंथरून, झामाची लढाई मांडलेली होती. बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, एकेक हाताने रंगवलेला. एका कडेला रोम, समोर कार्थेज, आणि कार्थेजच्या पुढे हत्तींची रांग.

"हे तुम्ही एकटेच खेळता?" मी विचारलं.

"एकट्याने लढाई कशी होईल? कार्थेज ऑकलंडला असतं."

म्हणजे त्यांचा मित्र. जमिनीची मोजणी करणारा सर्व्हेअर होता तो. तीस वर्षं दर रविवारी दोघं समोरासमोर बसून खेळले. मग मित्राला गुडघ्यांमुळे ऑकलंडच्या एका वृद्धाश्रमात जावं लागलं आणि खेळ फोनवर आला. आता सरांच्या हातांना पार्किन्सनचा कंप होता. एक सैनिक उचलताना पाच आडवे व्हायचे.

"रविवारी दुपारी तासभर माझे हात होशील?" त्यांनी विचारलं.

माझा नवरा ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्याची बहुतेक रविवारी शिफ्ट असते. मी हो म्हटलं. लढाईबद्दल मला काही प्रेम नव्हतं, आजही नाही.

नियम सोपे होते. मित्र आपल्या सैन्याचे हुकूम मला फोनवर द्यायचा. सरांना ऐकू येऊ नये म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन ते कागदावर लिहून घ्यायचे. मग गॅरेजमध्ये येऊन दोघांचीही सैन्यं हलवायची. खऱ्या झामात कार्थेज हरलं होतं. हत्ती कर्ण्यांच्या आवाजाने बिथरले, बाजूंचे घोडेस्वार पळाले, आणि रोमच्या घोडदळाने मागून येऊन पायदळ कापून काढलं. मित्राला तेवढंच टाळायचं होतं. तीस वर्षांत त्याला ते एकदाही जमलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी त्याने मला सांगितलं, "डावीकडचे घोडेस्वार मागे घे. पार मागे, जुन्या सैनिकांच्या आड." मी लिहिलं: डावे घोडेस्वार मागे. तसं केलं. पुढच्या रविवारी सरांनी फोन स्पीकरवर ठेवून निकाल सांगितला, "तुझं डावं घोडदळ संपलं."

"संपेल कसं? ते तर पिछाडीला आहे."

"पिछाडीला तुझं उजवं घोडदळ आहे. डावं समोरच होतं."

मग मित्र म्हणाला, "मला टेबल दिसत नाही म्हणून काहीही सांगशील?"

सरांनी फोन ठेवला. ते चिडलेले दिसले नाहीत. फक्त मला म्हणाले, "आज एवढंच." पुढच्या दोन रविवारी फोन आला नाही, त्यांनीही केला नाही. मी गोळ्या देऊन परत यायचे.

चूक माझ्या लक्षात आली ती कामावर. फ्लूच्या लसीचे दिवस होते. एक बाई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, डाव्या हातात द्या. माझा हात सवयीने माझ्या डावीकडे गेला, म्हणजे तिच्या उजव्या दंडाकडे. तिने हसून दुसरी बाही वर केली. लस दिली, नोंद केली, आणि मग मला गॅरेज आठवलं. मी नेहमी रोमच्या बाजूला उभी राहून सैन्यं हलवायचे. मित्राची डावी बाजू माझ्या उजवीकडे होती.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याला मी सांगितलं तर वाटेल सारवासारव करतोय."

म्हणून मी शनिवारी ऑकलंडला गेले. मित्र खिडकीपाशी बसला होता. मांडीवर पेन्सिलीने आखलेला नकाशा होता, त्यात प्रत्येक तुकडी मापात काढलेली. दोन आठवडे बंद पडलेला खेळ तो कागदावर एकटाच पुढे नेत होता. मी कागद मागून घेतला, कुठे उभी होते ते दाखवलं आणि माफी मागितली.

"मी आयुष्यभर लोकांना दिशा सांगितल्या," तो म्हणाला, "आणि तुला कुठे उभी आहेस ते विचारलं नाही." मग म्हणाला, "त्याच्याबद्दल मी वाईट बोललो."

"ते तुम्ही त्यांनाच सांगा."

त्याने माझ्यासमोरच फोन लावला. माफीचा शब्द कुणाच्याच तोंडून आला नाही. "तिसऱ्या चालीपासून पुन्हा," एवढंच तो म्हणाला, आणि सर पलीकडून, इथल्या बोलीत ‘चालेल’ अशा अर्थाने, म्हणाले, "स्वीट अ‍ॅज."

पुढचे चार रविवार मी टेबलाला फेरी मारून कार्थेजच्या बाजूला जाऊन मित्राचे हुकूम पाळले. घोडदळ वाचलं. तरी कार्थेज हरलं, फक्त नेहमीपेक्षा उशिरा. मित्र खूश होता. आता कॅनी मांडा, म्हणाला, कारण त्या लढाईत कार्थेजने रोमचं अख्खं सैन्य वेढून संपवलं होतं. मी दोन संध्याकाळी बसून कॅनी मांडली. पहिल्या चालीच्या आधीच त्याच्या मुलाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले, म्हणाला.

अंत्यविधीला मीच सरांना गाडीतून नेलं. हायवेवर धुकं होतं. महिनाभर कॅनी तशीच राहिली, सैनिकांवर धूळ बसली. मग एका रविवारी त्यांनी मला कार्थेजच्या बाजूची खुर्ची दाखवली.

"मला यातलं काही कळत नाही," मी म्हटलं.

"कॅनीत कार्थेजने हरणं फार अवघड आहे. बस."

मी बसले. त्यांच्या चाली ते सांगत होते, दोन्ही सैन्यं मीच हलवत होते. मधली फळी मी घाईने मागे घेतली, दोन्ही कडा जुळून वेढा पडलाच नाही, आणि पाचच्या सुमारास रोम जिंकलं. सरांनी टेबलाकडे बघून मान हलवली आणि पुढच्या रविवारसाठी मला ब्रशने सैनिकांवरची धूळ काढायला सांगितलं.