बाबांचा बडग्या

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली तेव्हा मी शाळेत होते. सेलूजवळच्या आमच्या गावात दारू नाल्यापलीकडे मिळू लागली, एवढाच काय तो फरक. बाबा रोज तिकडून यायचे. आले की गाणी म्हणायचे, नकला करून आम्हा पोरींना हसवायचे आणि जेवायला उशीर झाला की आईला मारायचे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते. काठ्या-चिंध्यांचे पुतळे करायचे, गावातली ब्याद त्यांच्यासोबत वेशीबाहेर न्यायची आणि जाळून टाकायची. पुरुषाच्या पुतळ्याला बडग्या म्हणतात. त्या वर्षी गावाने बडग्या केला तो बाबांचा. गळ्यात बाटली आणि अंगात बाबांचाच निळ्या चौकड्यांचा शर्ट.

"खासी-खोकला घेऊन जा गे मारबत! दारुड्याले घेऊन जा गे मारबत!"

पोरं ओरडत आमच्या दारासमोर आली तेव्हा बाबा ओट्यावर दात घासत होते. त्यांनी शर्टाकडे पाहिलं, मग आईकडे. आई मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली. शर्ट कोणी दिला ते मला तेव्हा कळलं. बाबांनाही कळलं.

त्या दिवसापासून दारू सुटली. आईच्या अंगावर पुन्हा हात पडला नाही. गाव पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगायचं, "पाहा, कसा सुतासारखा सरळ झाला!" माणूस लाजवून सुधारतो का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणते, उगाच कशाला खोटं बोलू? पण गाणी गेली, नकला गेल्या. बाबा पारावर बसेनात, घरात 'हो' आणि 'नाई'पलीकडे बोलेनात. मला आनंद झाला नाही, रडूही आलं नाही.

पुढच्या पोळ्याला पोरं पुन्हा दारात आली. "काकू, औंदा जुगाऱ्याचा बडग्या करून राह्यलो. जुना शर्ट असन तं द्या जी."

"माह्या घरी जुने कपडे नाई," आई म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. बाबा जेवत होते. ती त्यांच्यासमोर बसली. "बोला ना जी काही. शिव्या द्या मले, पण बोला."

बाबांनी हात धुतले. अंगातला शर्ट काढला, नीट घडी केली आणि तिच्यापुढे ठेवला.

"दे त्यायले," म्हणाले, आणि उघड्या अंगाने वावराकडे निघून गेले.