पुंजाजींनी सांगितलेले स्पीकर

खामगावच्या बाजारातल्या एका बोळीत पुंजाजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान एकतीस वर्षं चाललं आणि नऊ वर्षांपूर्वी बंद झालं. दुकान गेलं याचं त्यांना फार वाईट वाटलं नव्हतं. लोकांकडे दुरुस्त करायला रेडिओच उरले नव्हते, त्याला कोण काय करणार? वाईट वाटलं ते याचं, की त्या दिवसापासून आवाजाबद्दल त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. गल्लीतल्या मंदिरात नवा भोंगा आणि माईक आला. आवाज इतका कर्कश की कानात सुई गेल्यासारखं व्हायचं. पुंजाजी मागच्या सतरंजीवर बसून दात आवळून भजन ऐकत राहिले. आपण होऊन सांगायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कुणी विचारलं तर सांगावं, नाही तर गप्प बसावं.

नऊ वर्षांनी विचारलं ते जावयानं.

शिवमचं वरवट बकालला बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. त्यानं नवी गाडी घेतली होती आणि गाडीतल्या आवाजावर तो नाराज होता. गाणं लावलं की गोधडीआडून कुणी गातंय असं वाटायचं. अकोल्याचा एक फिटर त्याला म्हणत होता, कंपनीचं सगळंच काढून फेका. सेट बाहेरचा, स्पीकर बाहेरचे, वर डिकीत दणके देणारा डबा. शिवमचे वडील माणिकराव म्हणत होते, कंपनीच्या वस्तूला हात लावायचा नाही, गॅरंटी जाते. दोघांच्या मध्ये सापडलेला शिवम एका रविवारी सासुरवाडीला आला आणि म्हणाला, "मामाजी, आता तुमीच सांगा. कंपनीचं ठेवू का बाहेरचं बसवू?"

पुंजाजी तासभर त्या गाडीत डोळे मिटून बसले. त्यांनी गाणं लावूच दिलं नाही, आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. गाण्यात दहा वाद्यं असतात, ती एकमेकांचे दोष झाकतात. बोलणाऱ्या माणसाचा आवाज काही झाकत नाही, ही त्यांची दुकानातली जुनी रीत. उतरल्यावर ते म्हणाले, "सेट चांगला हाय. घसा चांगला, तोंड खराब. कंपनीनं दरवाज्यात कागदी स्पीकर टाकले, ते तेवढे बाहेरचे बसवा. समोरचे दोन बस झाले. सेट ठेवा कंपनीचाच, मागचा कॅमेरा अन् स्टेअरिंगवरची बटनं त्याच्यावरच चालतात. डब्याची काई गरज नाई."

एवढं लांब ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले, असं त्यांची बायको मनकर्णाबाई नंतर लोकांना सांगायची.

शिवमनं ऐकलं. अकोल्याला जाऊन दोन स्पीकर बसवून आणले, आणि आवाज पहिल्यापेक्षा वाईट झाला. फिटर म्हणाला, कंपनीच्या सेटमध्ये दम नाही, तो हे स्पीकर ओढत नाही, मी आधीच म्हणत होतो. मुलीनं, पुष्पांजलीनं, ही बातमी फोनवर अगदी जपून सांगितली. "बाबा, चांगलंच हाय तसं. थोडं पोकळ वाटते, म्हनतात हे."

त्या "म्हनतात हे"नं पुंजाजींची तीन आठवडे झोप उडवली. कधी वाटायचं, फिटरनं काही घोटाळा केला. कधी वाटायचं, आपलेच कान गेले. अडुसष्ट वय झालं, डाव्या कानात अधूनमधून किडा कुरकुरल्यासारखं होतं. नऊ वर्षांत एकदा कुणी विचारलं आणि तेवढंच सांगणं चुकलं. आता पुन्हा कोण विचारणार?

मग सुलतानपूरला मनकर्णाबाईंच्या भाचीचा साखरपुडा निघाला. पुष्पांजली दोन दिवस आधीच गेली होती. शिवम गाडी घेऊन खामगावला आला आणि सासू-सासऱ्यांना घेऊन निघाला. पुंजाजी पुढे बसले, मनकर्णाबाई शिऱ्याचा डबा मांडीवर घेऊन मागे. गावाबाहेर पडताच पुंजाजींनी बातम्या लावायला सांगितलं.

आवाज आला, पण त्याला जागाच नव्हती. बातम्या वाचणारी बाई कुठं बसली आहे तेच कळेना. समोर नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. गाडीभर नुसती पसरलेली, छातीशिवाय बोलणारी. असा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला होता. कुठं, कशामुळं, ते आठवेना. आठवत नाही म्हणून ते स्वतःवरच चिडले.

"जवाईबापू, हा आवाज जरा एका बाजूले..."

"राहू द्या मामाजी, होते असं कधी कधी," शिवम हसून म्हणाला. "उद्या चाललो मी अकोल्याले. काढून टाकतो कंपनीचा सेट, झंझटच नाई."

"नाई, पन पयले एकदा..."

"तुमी कायले टेन्शन घेता?"

हे हसणंच पुंजाजींना सोसवेना. जावई भांडला असता तर भांडता आलं असतं. पण हा मान ठेवत होता, आणि मान ठेवणाऱ्याला काय बोलणार? शिवाय सासऱ्यानं जावयाचं तोंड बंद करून आपलंच पुढं रेटायचं, हे त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. वीस किलोमीटरमध्ये त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मागून मनकर्णाबाई म्हणाल्या, "अवो, काय मासोईसारखं तोंड उघडझाक करून राह्यले? बोलाचं तं बोला, नाई तं झोपा."

"तू चूप बस वं."

जानेफळला एका हॉटेलासमोर शिवमनं गाडी थांबवली आणि तो चहा सांगायला उतरला. सेट चालू होता, फोन चार्जिंगला लावलेला. आता मिळतील तीच दोन-चार मिनिटं हातात होती. पुंजाजींना आवाज एकदा पूर्ण डाव्या दरवाजाकडे आणि एकदा पूर्ण उजव्या दरवाजाकडे करून ऐकायचा होता. त्यांच्या काळात त्याला एक गोल खटका असायचा. इथं नुसती काच. त्यांनी एक चित्र दाबलं, नकाशा आला. दुसरं दाबलं, घड्याळ आलं. तिसरं दाबलं आणि गाडीत फोनची रिंग वाजायला लागली. काचेवर मोठ्या अक्षरात आलं : बाबा.

"बंद करा, बंद करा," मनकर्णाबाई कुजबुजल्या. "व्याह्याले लावला तुमी!"

बंद कुठून करायचं तेच पुंजाजींना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात माणिकराव बोलायला लागले.

"हाव, बोल शिवम. पोचले का?"

पुंजाजींनी काचेवरचं बोट चटकन मागे घेतलं.

"बोलत काऊन नाई बे? आयकू येते का? बरं, मी बोलतो तं आयक. उद्या अकोल्याले जाय अन् ते बाहेरचे स्पीकर पुरते काढून टाक. म्या तुले तवाच म्हनलं होतं, कंपनीच्या वस्तूले हात लावू नको. पन तू गेला सासऱ्याच्या नादी. अरे, तो मानूस ट्रान्झिस्टरच्या जमान्यातला. दुकान गेलं त्याचं, कानही गेले. त्याले काय समजते आता?"

मागे शिऱ्याच्या डब्याचं झाकण करकरलं. मनकर्णाबाईंनी ते मुठीत आवळलं होतं. आणि पुंजाजी? ते गिअरवरून वाकडे होऊन ड्रायव्हरच्या सीटवर जवळजवळ आडवे झाले होते, आणि त्यांचा कान उजव्या दरवाजाच्या जाळीला लागला होता. माणिकरावांचा आवाज त्या एकाच दरवाजातून येत होता. भरदार, छातीतून निघालेला, एका जागी घट्ट बसलेला. "समजते"मधला "म" ओठ मिटल्यासारखा स्पष्ट ऐकू येत होता.

शिवम दोन हातांत तीन कप सांभाळत आला तेव्हा खिडकीची काच अर्धी खाली होती आणि त्याचे वडील रस्त्यापर्यंत ऐकू येईल असं म्हणत होते, "बुढ्याले वाईट वाटन म्हनून किती दिवस असं वाजवत फिरशीन?"

शिवमनं चहा गाडीच्या टपावर ठेवला, आत हात घालून फोन तोडला. त्याचं तोंड पडलं. बातम्या पुन्हा सुरू झाल्या, तशाच पसरलेल्या.

"छान," मनकर्णाबाई म्हणाल्या. "लय छान बोलतात आमचे व्याही. साखरपुड्यात माईकच देऊ त्याईच्या हातात."

"मामीजी, बाबाचं तसं नसते हो मनात..."

"मनात नसते, तं गाडीत कुठून आलं?"

"व्याह्याचा आवाज काय भरीव आला हो!" पुंजाजी मध्येच बोलले.

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले.

"जवाईबापू, पुन्हा लावा त्याईले फोन."

"डोकं फिरलं का तुमचं?" मनकर्णाबाई ओरडल्या. "तो तुमाले बहिरा म्हनून राह्यला!"

"म्हनू दे. फोन या गाडीत उजव्याच दरवाज्यातून येते, हाय का नाई? एकटा स्पीकर बोलला तं कसा दमदार बोलला! अन् बातम्याईत दोघं मिळून बोलतात तं पोकळ. मंग खराबी सेटात बी नाई, स्पीकरात बी नाई. एका दरवाज्याची तार उलटी जोडली हाय." त्यांना आता सगळं आठवलं होतं. "गाडीले दोन बैल जुंपले अन् एक पुढं, एक मागं ओढाले लागला, तं गाडी चालन का? तसं हाय हे. एक हवा ढकलते, दुसरा तीच हवा ओढून घेते."

एरवी शिवम पुन्हा हसला असता. पण वडिलांचे शब्द अजून त्याच्या कानात होते आणि सासूची नजर पाठीत. तो गुपचूप सीटवर बसला आणि मामाजी सांगतील तसं काचेवर बोट फिरवत गेला. आवाज पूर्ण उजवीकडे केला, बाई दमदार बोलली. पूर्ण डावीकडे केला, तशीच दमदार. मध्ये आणला, छातीच गेली.

शिवमनं तीनदा करून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ठीक हाय. उद्या फिटरले दाखवतो."

"फिटरले कायले? दोन तारांचं काम हाय. दरवाजा इथंच उघडतो."

"नाई नाई मामाजी. चार मानसं पाहून राह्यले. सासऱ्याले रस्त्यावर बसवून काम करून घेतलं म्हनतीन. मले शोभते का?"

"नका शोभू!"

पुंजाजींचा आवाज एवढा चढला की हॉटेलातला आलुबोंडे तळणारा माणूस झारा हातात धरून बाहेर बघायला लागला. "उद्या फिटर तुमाले सांगन, म्या ठीक केलं. परवा दिवशी व्याही म्हनतीन, पाय, फिटरनं शोधलं. मले कोनी... मले एकदा पाहू द्या. माह्यं सांगनं चुकलं असंन तं चुकलं. पन माह्या डोळ्यानं पाहू द्या."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण माघार घ्यायची वेळ गेली होती. गाडीतला पेचकस घेऊन, साखरपुड्यासाठी काढलेल्या पांढऱ्या पायजम्यावर ते डाव्या दरवाजाशी जमिनीवर बसले. दोन पेच निघाले, तिसऱ्यावरून पेचकस, नऊ वर्षांत सवय मोडल्यामुळं, दोनदा निसटून मातीत गेला. दरवाजाच्या आतलं पॅनल खेचताना एक क्लिप टक्कन मोडली. मनकर्णाबाई वरून म्हणाल्या, "मोडा, सगळंच मोडा." शिवम आडोसा केल्यासारखा रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

आत फिटरनं कंपनीची तार कापून चिकटपट्टीनं जोड दिला होता. पुंजाजींनी पट्टी सोडली, दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा गुंडाळली आणि पॅनल दाबून परत बसवलं. एवढंच काम. तीन आठवड्यांची झोप एवढ्याशा कामात गेली होती, याचा त्यांना संताप आला.

शिवमनं सेट लावला. बातम्या संपून हवामानाचा अंदाज सुरू झाला होता. बाई गाडीच्या समोरच्या काचेमागं, बरोबर मध्यभागी येऊन बसली आणि बुलढाणा, अकोला, वाशिम असं एकेक नाव घेत बोलू लागली, समोरासमोर बोलावं तशी.

हॉटेलवाला म्हणाला, "गानं लावा ना जोरदार, समजन तरी," आणि आत गेला. टपावरचा चहा कधीच निवला होता. शिवमनं फिटरला फोन लावला. "उद्या नाई येत मी. नाई, सेट राहू देतो. बरोबर हाय तो." थोडं ऐकून "हाव, हाव, सांगन मंग," म्हणाला आणि फोन ठेवला.

मामाजींनी शोधलं, एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं असतं. पुंजाजी मळलेला पायजमा झटकत बसले आणि वाट बघत राहिले. वाक्य आलं नाही. वडिलांनाही त्यानं फोन केला नाही. मेहकर येईपर्यंत पुंजाजी खिडकीबाहेर बघत होते. काम झालं होतं आणि तरीही मन धुमसत होतं. खरं ठरूनही माणसाला हातात काहीच कसं मिळत नाही, याचं त्यांना कोडं पडलं होतं.

मेहकर सोडल्यावर रस्ता खडबडीत लागला. शिवमनं अचानक वेग कमी केला, सेटचा आवाज बारीक केला आणि मान तिरपी करून थोडा वेळ ऐकलं.

"मामाजी," तो म्हणाला, "डाव्या दरवाज्यातून काई किरकिरून राह्यलं का? का मलेच वाटते?"

जानेफळपासून पुंजाजींना ती किरकिर ऐकू येतच होती. त्यांनी डोळे मिटले, तळवा पॅनलवर ठेवला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हाय," ते म्हणाले. "क्लिप हाय ते. माह्याच हातानं मोडली."