परवानगीचा कट

ओरूरो गावच्या खाणीच्या कारखान्यात सातुर्निना कोल्के लेथवर उभी राहिली, की शेजारी तिचे सासरे मेलितोन हजर असायचेच. धंदा तिला त्यांनीच शिकवला होता. त्यांची एक रीत होती: नवं लोखंड लेथवर चढलं की पहिला कट केसाएवढा घ्यायचा. त्याला ते परवानगी म्हणत. धातू डोंगराच्या पोटातून आलेला. त्याला विचारल्याशिवाय खोल घुसायचं नाही. सातुर्निनानं ही रीत कायम पाळली आणि तिचं काही अडलं नाही.

त्या दिवशी खडक फोडणाऱ्या यंत्राची कडी आली. मँगनीज पोलादाची, एकुलती एक. ती मापात आली नाही तर यंत्र बंद, आणि यंत्र बंद म्हणजे सगळी वस्ती घरी. म्हाताऱ्यानं परवानगी मागितली; लेथची कापणारी टीप नुसती घासली आणि तिचं टोक गेलं. दुसरी लावली, हात आणखी हलका ठेवला. तीही गेली. कडीवर चकचकीत पट्टा तेवढा उमटला. आता शेवटची टीप उरली होती. ती त्यांनी सुनेच्या हाती दिली.

"रागावलंय ते. अजून हळू घे, पोरी."

सातुर्निनानं कानस उचलली. कडीच्या कोऱ्या भागावर ती चावली. चकचकीत पट्ट्यावर मात्र सपशेल घसरली. एकाच ओतकामातलं लोखंड, आणि जिथं जिथं सासऱ्यांनी जपून हात लावला तिथंच त्याचा दगड झाला होता! असलं नवल तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"ताता, हे गोंजारलं की कडक होतंय. सालीखाली एकदम घुसायला हवं. मध्ये थांबायचं नाही."

"न विचारता? टीप मोडली तर तुझा नवरा गाडेल मला."

"तो आधी जेवायला मागेल, मग गाडेल. सरका."

तिनं वेग कमी केला आणि टीप खोल रोवली. लेथ कण्हू लागलं, जमीन थरथरली. म्हाताऱ्याचा हात लेथ बंद करायच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका!" सासऱ्यांवर ती पहिल्यांदाच ओरडली.

हात मागे आला. जाड, निळा कीस सुटू लागला. त्या मुक्या धातूत केवढी ताकद दडली होती! सातुर्निनाचे डोळे भरून आले.

मापात आलेली कडी उतरवल्यावर मेलितोन तिच्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"सूनबाई, हट्टी लोखंड म्हणून किती नग भंगारात टाकले मी," ते म्हणाले. "त्यांना कडक मीच करत होतो, होय ना?"

तिनं किसाचा ढीग त्यांच्याजवळ ओढला. थंडी मरणाची होती. गरम किसावर दोघं हात शेकत उभे राहिले.